पुलाच्या मध्यापर्यंत

आमच्या घरी सहा-सात वर्षं भाजी शिरूरच्या बाजारातून यायची. यात सांगण्यासारखं काय, असं शिरूरच्या माणसाला वाटेल. पण आमचं गाव शिरूर तालुक्याच्या पार दक्षिण टोकाला, भीमेच्या काठावर. नदीवर पूल, पुलापलीकडे दौंड तालुका, आणि पूल उतरला की लगेच माझ्या आत्याचं गाव. तिथं दर शुक्रवारी बाजार भरायचा, तोही चांगला भरगच्च. वारा इकडचा असला की मिरचीवाल्यांचं ओरडणं आमच्या ओट्यावर ऐकू यायचं. ते ऐकत ऐकत आई पिशवी घ्यायची आणि चार भेंड्यांसाठी एसटीनं शिरूरला जायची. पलीकडच्या गावाशी आमचं राजकारण बिनसलं होतं ना!

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. साखर कारखान्याची निवडणूक लागली आणि आमचं गाव एका पॅनेलकडे, आत्याचं गाव दुसऱ्या पॅनेलकडे गेलं. माझे वडील, म्हणजे आप्पा, कुठल्या पदावर नव्हते. पण भिंती रंगवणं, गाडीवर भोंगा बांधणं, सभेत पाहुण्यांची ओळख करून देणं ही कामं ते जीव ओतून करायचे. आमच्या पॅनेलची सभा आत्याच्या गावात चावडीपुढं ठेवली होती. आप्पा बोलायला उभे राहिले आणि दोन वाक्यं होतात न होतात तोच कुणीतरी माइकची वायर उपटली. मग ढकलाढकली झाली. आप्पांची टोपी खाली पडली आणि तुडवली गेली. गर्दीत दाजी, आत्याचे यजमान, हाताची घडी घालून उभे होते. ते काही बोलले नाहीत. आप्पांना टोपीपेक्षा ते जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी आप्पांनी आमच्या मारुतीपुढं नारळ फोडला आणि सगळ्यांदेखत शपथ घेतली, "त्या गावची शीव वलांडणार न्हाई आन् तिथलं पाणी पिणार न्हाई." त्यांच्या मागोमाग पंधरा-वीस जणांनी घेतली. चार महिन्यांत त्यातले निम्मे शुक्रवारी टॉवेलखाली पिशवी लपवून पूल ओलांडायला लागले. मारुती काही बोलत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. आप्पा मात्र हटले नाहीत. दौंडला रेल्वे गाठायची झाली तरी ते काष्टीवरून मोठा वळसा घालून जायचे. एकदा गाडी चुकली आणि रात्रभर फलाटावर बसावं लागलं, तरी परतताना पुन्हा काष्टीच.

मला आप्पांचा भयंकर अभिमान वाटायचा. मी तेव्हा शिरूरला आधी शाळेत, मग कॉलेजात होते आणि वक्तृत्व स्पर्धांमधून कप आणत होते. मूळची तापट, त्यात कपांची भर. बाजारात चोरून जाणाऱ्या एका काकांना मी भर चौकात विचारलं होतं, "काका, पिशवीत काय, शपथ का?" आईनं घरी आल्यावर मला चांगलं झापलं होतं. आप्पा मात्र गालात हसले होते.

पण शपथेला आत्या कुठं ऐकणार होती? ती आप्पांची एकुलती एक बहीण, त्यांच्याहून थोरली. आमच्याकडे दिवाळीला सासुरवाशिणीला माहेरी आणायला घरातला माणूस जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी आल्याशिवाय बाई सासरचा उंबरा सोडत नाही, मग माहेर हाकेच्या अंतरावर का असेना. आत्याला आणायला दरवर्षी आप्पाच जायचे. शपथेनंतर पहिली दिवाळी आली. आप्पा सकाळी उठले, भिंती रंगवून उरलेला गेरू डब्यात होता तो घेतला, आणि पुलावर गेले. नदी निम्मी आमची, निम्मी त्यांची. त्यांनी पावलं मोजून पुलाचा मध्य काढला, कठड्यावर गेरूचा एक आडवा पट्टा ओढला आणि पट्ट्याच्या अलीकडे उभे राहिले. पलीकडून आत्या पिशवी घेऊन चालत आली. पट्टा बघून ती इतकी हसली की तिला कठडा धरावा लागला.

"आप्पा, बरं झालं बाबा, शाळेत गणित शिकलास," ती म्हणाली.

पुढची चार वर्षं असंच चाललं. आत्या पट्ट्यापर्यंत यायची, आप्पा तिची पिशवी घ्यायचे, आणि दोघं बोलत बोलत गावात यायची. दाजी आणि आप्पा एकमेकांशी बोलत नव्हते, पण आत्याच्या पिशवीत दाजींच्या रानातले पेरू असायचे. आप्पा ते खायचे. पेरू म्हणजे काही पाणी नव्हे! या गोष्टीची आम्हाला गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर ते दिवस आठवले की अजून बरं वाटतं. भांडण होतं, पण त्याला एक दार ठेवलेलं होतं.

मग आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. माझी आतेबहीण माझ्याच वयाची, एकोणीस वर्षांची. लहानपणी आम्ही दोघी एकाच ताटात जेवायचो. लग्नाच्या महिनाभर आधी आत्या पत्रिका घेऊन पट्ट्यापाशी आली. या वेळी ती हसत नव्हती.

"आप्पा, नवरीच्या मागं मामा उभा ऱ्हातो," ती म्हणाली. "तिला एकच मामा हाय."

"आक्का, मांडव हिकडं घाला. समदा खर्च मी करतो."

"त्यांना इचारलं. ते म्हणत्यात, पोरीचा मांडव बापाच्या दारात. ते बी तुझ्यावानीच हायती."

आप्पांनी पत्रिका घेऊन खिशात ठेवली. आत्याही पुढं आली नाही, तिथूनच परत गेली. मी आप्पांच्या शेजारी उभी होते. मांडवात नवरीला घेऊन येणं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहणं, हे मामाचं काम. आत्याला दागिना नको होता, साडी नको होती, एवढंच हवं होतं.

महिनाभर आप्पा घुम्यासारखे वागले. पण लग्नाच्या आठवड्यात ते शिरूरला जाऊन नवा फेटा घेऊन आले. आईनं तो फेटा बघितला आणि काही न विचारता पुरणाची डाळ निवडायला बसली. ती आनंदात होती.

लग्नाच्या दिवशी आमच्या गावातले एक चाचा त्यांची वडापची, भाड्यानं माणसं नेणारी जीप घेऊन दारात आले. त्यांचं घर आमच्या आळीतलं, पिढ्यान्‌पिढ्यांचं, आणि आप्पांचे ते बालमित्र. आप्पा त्यांना भाई म्हणायचे. आप्पा नवा फेटा बांधून ओट्यावर उभे होते, पण पायरी उतरत नव्हते.

चाचांनी डोक्याला हात लावला. "आप्पा, शपथ काय घेतली व्हती? शीव वलांडणार न्हाई. मग तुम्ही कुठं वलांडताय? गाडी माझी, टायर माझं. म्या काय बी शपथ घेतली न्हाई. गाडी थेट मांडवात घालतो. तुम्ही गालिच्यावर उतरा. पाय मातीला लागला तर मला सांगा."

"आन् पाणी?" आप्पांनी विचारलं. त्यांच्या ओठांवर हसू होतं.

"पाणी घरनं घ्या की तांब्यात."

आप्पा हसले. चार वर्षांत ते इतके मोकळे हसलेले मी बघितले नव्हते. त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं, चालंल का असं?"

त्यांना माझा होकार हवा होता. मी शिकलेली, कप आणणारी. आणि मी म्हणाले, "आप्पा, उद्या लोकांनी विचारलं तर काय सांगायचं? चाकानं शपथ घेतली नव्हती म्हणून? त्यापेक्षा ते पिशवी लपवणारे काका बरे."

एवढंच बोलले मी. आवाजसुद्धा चढवला नाही. आप्पांचं हसू गेलं. आई आतून म्हणाली, "तुला कोण इचारतंय गं, भवाने?" पण आप्पांनीच विचारलं होतं. ते जीपमध्ये बसले आणि चाचांना म्हणाले, "भाई, पुलाच्या मधी थांबव."

पट्ट्यापाशी जीप थांबली. आप्पा उतरले. त्यांच्याबरोबर मीही उतरले, मोठ्या तोऱ्यात. आईनं कागदात बांधलेल्या अक्षता आप्पांच्या हातात दिल्या आणि माझ्याकडे न बघता ती चाचांबरोबर पुढं गेली.

मांडव नदीकाठापासून जवळच होता. भोंगे दोन होते, त्यातला एक नदीकडे तोंड करून बांधलेला. आता वाटतं, तो आत्यानंच तसा बांधून घेतला असेल. साडेबाराचा मुहूर्त. उन्हानं पुलाचा कठडा तापला होता. बाजूनं उसाचे ट्रक जायचे आणि पूल थरथरायचा. मग भोंग्यातून भटजींचा आवाज आला, "मुलीचे मामा कुठं आहेत? मामांनी मुलीला घेऊन यावं."

आप्पा कठडा धरून उभे होते. थोडं थांबून पुन्हा आवाज आला, "मुलीचे मामा." मग तिसऱ्यांदा. त्यानंतर बराच वेळ भोंग्यात नुसती खरखर. मग मंगलाष्टकं सुरू झाली. प्रत्येक 'सावधान'ला आप्पांनी चिमूटभर अक्षता नदीत टाकल्या. रंगवलेली ज्वारी होती ती. खाली मासे गोळा झाले. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते.

मला तेव्हा रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला वाटत होतं, काय माणूस आहे माझा बाप! आज त्या पुलावरच्या मुलीला दंडाला धरून गदागदा हलवावंसं वाटतं.

संध्याकाळी चाचा परत आले ते थेट आमच्या ओट्यावर. त्यांच्या हातात नारळ, टोपी आणि एक पांढरं उपरणं होतं. मामाचा आहेर. आत्यानं भर मांडवात त्यांनाच हाक मारली होती, "दादा, तू माझ्या म्हायेरचा हाईस. तू ये." आणि चाचा नवरीच्या मागं उभे राहिले होते. गावच्या लेकीला गावातला प्रत्येक पुरुष भाऊच, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"हे तुमचं हाय, आप्पा," चाचा म्हणाले. "म्या फकस्त उभा ऱ्हायलो."

आप्पांनी उपरणं घेतलं, ट्रंकेच्या तळाशी ठेवलं आणि पुन्हा त्याचा विषय काढला नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी पॅनेलं एक झाली. म्हणजे दोन्हीकडचे मोठे पुढारी एक झाले. कुठल्या बंगल्यावर बसून, कशासाठी, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. पेपरात दोघांचा हार घातलेला फोटो आला आणि जाहीर सभा ठरली ती नेमकी आत्याच्या गावात, त्याच चावडीपुढं. आमच्या गावातल्या मंडळींनी मारुतीपुढं पुन्हा नारळ फोडून शपथा सोडवल्या. आप्पांनीही सोडवली. त्यांना घाई झाली होती. सभेचं निमित्त होतं, त्यांना बहिणीचं घर गाठायचं होतं. सभा चालू असतानाच ते मला घेऊन निघाले.

दाजींनी दारातच त्यांना मिठी मारली. दोघंही रडले. आत्या आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. आप्पांनी हात पुढं केला, पण तिनं तांब्या सोडला नाही.

"शपथ कुणी सोडवली, आप्पा?"

"सायेब लोक एक झालं, आक्का. आता काय ऱ्हायलं?"

"व्हय," आत्या म्हणाली. "सायबासाठी सुटली. माझ्या पोरीसाठी काय सुटली न्हाई."

तिनं तांब्या दिला. आप्पा पाणी प्याले. तिनं आम्हाला जेवू घातलं, गोडधोड केलं, सगळं नीट केलं. निघताना मात्र ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "तू जिथं थांबलास, तिथंच मी बी थांबन. दिवाळीला पट्ट्यापतुर येईन. त्याच्या पुढं न्हाई."

आप्पांनी मान खाली घातली. त्या वेळी त्यांना एक वाक्य बोलता आलं असतं, की मी निघालो होतो, पोरीनं अडवलं. ते बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे नुसतं एकदा बघितलं आणि चपला घातल्या. बोलायला मी होतेच की तिथं. वक्तृत्वाचे कप मिळवलेली मुलगी. मीही बोलले नाही.

तेव्हापासून भाऊबीज पुलावर व्हायला लागली. आत्या पट्ट्यापलीकडे, आप्पा अलीकडे. कठड्यावर ताट ठेवायचं, आप्पांच्या डोक्यावर टोपी, आत्याच्या पदराआड निरांजन. नदीवरचा वारा दिवा टिकू द्यायचा नाही. तीन-तीनदा काडी ओढावी लागायची. उसाचा ट्रक आला की दोघं कठड्याला चिकटून उभी राहायची, ट्रक गेला की पुन्हा ओवाळणं. ट्रकवाले हॉर्न वाजवून हसायचे. गेरूचा पट्टा पावसानं जायचा आणि आप्पा दर दिवाळीआधी तो पुन्हा ओढून यायचे. आत्या ओवाळायची, लाडवांचा डबा द्यायची आणि परत जायची. माहेरच्या चुलीपुढं ती पुन्हा बसली नाही. आई म्हणायची, दोघं एका मातीची.

माझं शिक्षण झालं आणि मला सणसवाडीला एका कंपनीच्या ऑफिसात नोकरी लागली. तिथं एकदा ऑफिसची सहल ठरत होती. एकानं एका ठिकाणाचं नाव काढलं, तर दुसरा म्हणाला, "तिकडं कशाला आपले पैसे द्यायचे? तिथले लोक कुणाला निवडून देतात ते माहीत आहे ना?" वाद पेटला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण ऑफिसात मत देण्याचं खातं माझ्याकडे होतं. मी विचारलं, "तिथं आपलं कुणी राहतं का?" त्यांना वाटलं मी फुकट मुक्कामाची सोय बघतेय. खूप हसले. मीही हसले आणि मग दुपारभर माझं कशात लक्ष लागलं नाही. न जाण्याला काहीच अर्थ नसतो, असं मी म्हणणार नाही. ज्यांनी बापाची टोपी तुडवली त्यांच्या दारात दुसऱ्या दिवशी हसत जाणं मला आजही जमणार नाही. पण तुडवणारे चारजण होते. आत्या त्यांच्यात नव्हती, आणि चौघांतल्या कुणालाही आप्पा न आल्याचा पत्ता नव्हता.

त्या वर्षी दिवाळीत आप्पांचे गुडघे धरले. ओट्यावर यायचं तरी भिंत धरावी लागायची. भाऊबिजेला सकाळी ते मला म्हणाले, "तू जा. साडी दे आक्काला. म्हणावं, आप्पाला येता येईना."

मी गेले. पट्टा त्या वर्षी कुणी ओढला नव्हता, जुना डाग तेवढा दिसत होता. आत्या ताट घेऊन उभी होती. केस सगळे पांढरे झालेले. मी साडी दिली, निरोप सांगितला, पण परत फिरले नाही. वारा होता, ट्रक जात होते, आणि मी एकदाचं सांगून टाकलं. लग्नाच्या दिवशी आप्पा फेटा बांधून निघाले होते. पायरीवर पाय ठेवला होता. चाचांचं त्यांना पटलं होतं. मी थांबवलं.

आत्यानं ताट कठड्यावर ठेवलं. मग म्हणाली, "फेटा बांधला व्हता?"

"नवा घेतला होता."

"आन् तू हे आत्ता सांगतीस." तिनं ताट उचललं आणि त्या पुसट डागावरून पाय टाकून चालायला लागली, आमच्या गावाकडे. तिची पिशवी उचलून मी मागून.

दारात तिला बघून आई भाकरतुकडा ओवाळायला धावली. आप्पा खाटेवरून उठायची धडपड करत होते. "बस," आत्या म्हणाली. "तुझी मुराळी लई उशिरा आली."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. "सांगितलंस व्हय?"

मी मान हलवली.

"कशाला सांगायचं? ल्हान व्हतीस तू."

"ल्हान कशाची?" आत्या कडाडली. "माझी पोरगी बोहल्यावर उभी व्हती, तेवढीच ही बी व्हती."

मला कुणी कधी इतकं खरं बोललं नव्हतं. मी रडले, आणि मला कुणी गप्प केलं नाही. थोड्या वेळानं आप्पा म्हणाले, "पोरी, ट्रंकेच्या तळाला उपरणं हाय, ते काढ."

मी ते काढून त्यांच्या खांद्यावर घातलं. दहा-बारा वर्षं ते तसंच दुमडलेलं होतं, कधी वापरलं नव्हतं. घडीच्या रेषा पिवळ्या पडल्या होत्या. मी हातानं त्या सपाट करायला लागले.

"ऱ्हाऊ दे," आत्या म्हणाली. "दिसू दे त्या घड्या." मग तिनं काडी ओढली. घरात वारा नव्हता. दिवा पहिल्याच काडीला लागला.